किती खाली, किती कडक? रोजच्या स्पोर्ट्‌स कारची स्प्रिंग आणि शॉक निवडताना

स्पोर्ट्‌स कार घेतलेल्या माणसाची नजर कधी ना कधी टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीवर जातेच. ती फट कमी झाली तर गाडी देखणी दिसेल, वळणावर कमी झुकेल, रस्त्याला अधिक घट्ट धरेल असं वाटतं. यातलं बरंचसं खरंही आहे. पण हीच गाडी रोज कामावर न्यायची असते. आई-वडिलांना शेजारच्या सीटवर बसवायचं असतं, पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावरून घरी यायचं असतं. मग कोणती स्प्रिंग घ्यावी, कोणता शॉक घ्यावा, गाडी किती मिलिमीटर खाली आणावी, यावर गॅरेजांत आणि मोटार-मासिकांत गेली तीस-पस्तीस वर्षं खल चालू आहे. तो आज कुठवर आला आहे, हे इथे मांडतो.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, घेतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तेव्हा तिचं वजन टनाच्या आत होतं, व्हीलबेस २२६५ मिलिमीटर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. मात्र अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये तरुणांनी सर्वांत जास्त उघडून, मोजून, खाली आणून पाहिलेल्या गाड्यांपैकी ती एक आहे. कंपनीने स्वतःही तिच्या काही आवृत्त्या बिलस्टाइनच्या शॉकसह विकल्या. त्यामुळे या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरं या एका गाडीवर आजमावून झाली आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते बाजूला ठेवून तोलता येईल. भांडण ब्रँडवरून आणि कडकपणावरून होतं, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: चाकाला वर जायला किती जागा उरली आहे.

पार्श्वभूमी

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. पाट्या एकमेकींवर घासायच्या आणि त्या घर्षणातच गाडीची उसळी थोडीफार विरायची. ते पुरेसं नाही हे लवकरच कळलं. फ्रान्सच्या त्रुफो यांची घर्षणाच्या चकत्यांची कल्पना अमेरिकेत हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात बाजारात आणली. त्यानंतर क्लीव्हलंडच्या गॅब्रिएल कंपनीचा ‘स्नबर’ आला. गुंडाळलेला पट्टा गाडीला वर उसळताना आवरून धरत असे, दबताना मात्र मोकळं सोडत असे. चाकण आणि नाशिकला शॉक बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचं नाव त्याच कंपनीकडून आलं आहे. पुढे तेलाचे, दांड्याच्या हातासारखे फिरणारे शॉक आले, आणि त्यांच्यानंतर आजचे नळीसारखे.

विचाराला मोठं वळण दिलं मॉरिस ऑली यांनी. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये ते कॅडिलॅकमध्ये आले. त्यांनी एका मोठ्या गाडीच्या पुढे-मागे सरकवता येणारी वजनं लावली आणि वेगवेगळ्या स्प्रिंग घालून माणसांना तीत बसवून फिरवलं. त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलटा होता: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर प्रवास सुखाचा होतो. १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन आलं, त्यामागे हेच काम होतं.

दुसरं वळण शॉकचं. फ्रान्सचे क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवून शॉक बनवला. जर्मनीच्या बिलस्टाइनने तो परवाना घेऊन विकसित केला आणि १९५७ पासून तो मर्सिडीजच्या गाड्यांत बसू लागला. तिसरं वळण इंग्लंडचं. कॉलिन चॅपमन यांच्या १९६२ च्या लोटस एलानमध्ये स्प्रिंग मऊ होत्या, चाकांना हलायला भरपूर वाव होता आणि ताबा शॉककडून मिळवला होता. रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार कडकच असली पाहिजे, या समजाला त्या गाडीने दिलेलं उत्तर आजही लागू आहे. एमएक्स-५ ची कल्पना ज्या हलक्या इंग्रजी दोन-सीटर गाड्यांवरून सुचली, त्यांत एलान अग्रभागी होती.

जागेचा हिशेब

कोणत्याही मताकडे वळण्याआधी थोडं गणित. चाक वर जाताना बंप स्टॉपला, म्हणजे शॉकच्या दांड्यावरच्या त्या रबरी किंवा फेसाळ पॉलियुरेथेनच्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत जेवढं अंतर मिळतं, ते भांडवल. समजा कंपनीतून आलेल्या गाडीत ते चाकापाशी ७५ मिलिमीटर आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर उरले ४५.

आता तोच खड्डा, तोच वेग. चाकातून वर येणारी ऊर्जा तेवढीच आहे, पण ती जिरवायला जागा साठ टक्केच. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून शॉकचा वाटा क्षणभर बाजूला ठेवला तर तेच काम करायला स्प्रिंग जवळजवळ पावणेतीनपट कडक हवी. दुकानात ‘लोअरिंग स्प्रिंग’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक स्प्रिंग याच्या आसपासही कडक नसतात. गाडी खाली आली, स्प्रिंग किंचित कडक झाली आणि उरलेलं काम बंप स्टॉपवर पडलं, असा बहुतेक खाली आणलेल्या गाड्यांचा इतिहास आहे. मालक म्हणतो, ‘स्प्रिंग फार हार्ड आहेत.’ खरं तर स्प्रिंग मऊ पडलेल्या असतात आणि पाठीला जो दणका बसतो तो ठोकळ्याचा असतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. शॉकच्या चकचकीत दांड्यावर, खाली नळीच्या तोंडापाशी, प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधायचा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्यावर गाडी चालवायची. नळीचं तोंड त्या टायला वर ढकलत नेतं आणि जिथवर नेलं तिथे तो थांबतो. धूळटोपी वर सरकवली की दिसतं: टाय बंप स्टॉपच्या बुडाला टेकला आहे की दोन बोटं अलीकडे आहे. कधी त्या टोपीतून पिवळट फेसाचे तुकडे खाली पडतात. तो सडलेला आणि दबून दबून फाटलेला बंप स्टॉप असतो. एवढं पाहिल्यावर निम्मी चर्चा आपोआप मिटते.

दुसरं मोजमाप वारंवारतेचं. गाडीच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेलं वजन २२५ किलो धरलं आणि गाडी सेकंदाला दीड वेळा झुलावी असं ठरवलं, तर चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन कडकपणा लागतो. स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, आतल्या बाजूला विशबोनवर बसते. चाक दहा मिलिमीटर हललं की ती सात मिलिमीटर दबते असं धरलं, तर ०.७ चा वर्ग करून भागावं लागतं आणि स्प्रिंग निघते सुमारे ४१ न्यूटनची. कॉइलओव्हर म्हणजे शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेला संच. जपानी कॉइलओव्हरच्या भाषेत ही चार किलोची, म्हणजे मिलिमीटरभर दबायला चार किलोचा जोर लागणारी, स्प्रिंग. सेकंदाला दोन झोके हवे असतील तर सव्वासात किलोच्या पुढची. घरगुती मोटारी साधारण १ ते १.५ हर्ट्‌झमध्ये, रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कार १.५ ते २ मध्ये आणि हवेच्या दाबावर फारशा विसंबून नसलेल्या रेसच्या गाड्या २ ते २.५ मध्ये धरल्या जातात. नुसता ‘आठ किलोची स्प्रिंग’ हा आकडा म्हणूनच काही सांगत नाही. वजन आणि विशबोनचं गुणोत्तर कळल्याशिवाय दोन गाड्यांच्या स्प्रिंगची तुलना करणं व्यर्थ आहे.

स्प्रिंगबद्दल तीन मतं

पहिलं मत मध्यममार्गी. गाडी २०-३० मिलिमीटरच खाली आणा, आयबाखसारख्या नामांकित कंपनीच्या आखूड स्प्रिंग घ्या आणि शॉक आहेत तेच ठेवा. अशा स्प्रिंगमध्ये बहुधा काही वेटोळी जवळजवळ असतात. ती आधी बसतात, आणि मग उरलेल्या वेटोळ्यांचा कडकपणा जाणवतो. या बाजूचं म्हणणं असं की छोट्या खाचखळग्यांवर मऊपणा मिळतो, मोठ्या धक्क्याला आधार मिळतो आणि खर्च आटोक्यात राहतो. आक्षेप दोन आहेत. पुष्कळदा जवळची वेटोळी गाडीच्या वजनानेच बसून जातात आणि पुढे स्प्रिंग एकसारख्या वेटोळ्यांच्या सरळ स्प्रिंगसारखीच वागते. दुसरा आक्षेप मूळ शॉकवर. स्प्रिंग कडक झाली आणि शॉक तोच राहिला, तर डँपिंगचं, म्हणजे झुलणं विरवण्याचं, प्रमाण घसरतं आणि गाडी लाटेवरून गेल्यावर एकदा जास्त झुलते. शॉक जुना असेल तर दोनदा.

दुसरं मत कॉइलओव्हरवाल्यांचं. आखूड नळीचा शॉक, उंची फिरवून बदलता येणारी बैठक आणि सरळ, कडक स्प्रिंग. त्यांचा युक्तिवाद माझ्या वरच्या गणिताशी जुळतो: जागा कमी केलीत तर कडकपणा वाढवलाच पाहिजे, आणि शॉकची नळी आखूड असेल तर गेलेली जागा काही प्रमाणात परत मिळते. ज्या संचात नळीच वर-खाली फिरवून उंची बदलते, तिथे उंची आणि चाकाला हलायची जागा वेगवेगळी ठरवता येते. यातली खोच स्वस्त संचांत आहे. आठ-दहा किलोची स्प्रिंग आणि तिला साजेसा नसलेला शॉक अशी जोडी रोजच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला थकवते, आणि खडबडीत वळणावर टायर रस्त्यावरून उडतो तेव्हा पकडही जाते.

तिसरं मत चॅपमन यांच्या वारसांचं. गाडी खाली आणूच नका, किंवा १०-१५ मिलिमीटरवर थांबा. स्प्रिंग मूळच्या जवळपास ठेवा, चांगला शॉक घ्या आणि वळणातला झुकाव कमी करायचा तर अँटी-रोल बार जाड करा. बार दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर काही करत नाही, म्हणून स्पीडब्रेकरवर तो आड येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र तो दुसऱ्या बाजूलाही ओढतो, आणि फार जाड बारवर गाडी खराब रस्त्यावर डोकं हलवत चालते. मला स्वतःला रोजच्या गाडीसाठी हे मत सर्वांत जवळचं वाटतं. पण दिसण्यासाठी गाडी खाली आणणं ही काही क्षुद्र इच्छा नाही. ज्याला ती हवी आहे त्याला ‘करू नका’ हे उत्तर देता येत नाही, नीट मार्ग दाखवावा लागतो.

स्प्रिंग कापण्याबद्दल मात्र दोन मतं नाहीत. सहा चालू वेटोळ्यांतलं एक कापलं तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो हे खरं, पण टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवली तर पोलादाचा पाण उतरतो. चाक पूर्ण लोंबकळलेलं असतानाही स्प्रिंग बैठकीत घट्ट राहिली पाहिजे ही साधी अट जर्मनीतले तपासनीस पाळून घेतात, आणि ती सगळीकडे पाळण्यासारखी आहे.

पुढची मऊ की मागची?

इथे वाद खरोखर रंगतो. ऑली यांचा विचार असा होता: उंचवट्यावर आधी पुढची चाकं जातात, मग मागची. एमएक्स-५ मध्ये ताशी ६० किलोमीटरला हा उशीर ०.१४ सेकंदांच्या आसपास आहे, ३० ला त्याच्या दुप्पट. पुढची बाजू आधी झुलू लागते. मागची बाजू जरा जलद झुलली तर ती पुढचीला गाठते, दोन्ही बाजू एकत्र वर-खाली होतात आणि गाडी नाक वर, शेपटी खाली अशी डुलत नाही. म्हणून त्यांनी पुढची स्प्रिंग, चाकापाशी मोजता, मागच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मऊ ठेवायला सांगितलं. व्हीलबेस आखूड असेल तर माणसाचं आसन मागच्या चाकांजवळ येतं आणि डुलणं जास्त बोचतं. या गाडीचे काही तज्ज्ञ म्हणूनच ऑलींकडे परतले आहेत आणि मागच्या चाकाची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात.

ट्रॅकवरच्या मंडळींचं शिक्षण नेमकं उलटं. पुढची बाजू कडक ठेवली तर स्टिअरिंग वळवताच गाडी नाक लवकर फिरवते आणि मागची मऊ असली तर ताकद देताना मागच्या चाकांची पकड टिकते. कॉइलओव्हरचे कित्येक तयार संच याच पठडीतले असतात, पुढे जड आणि मागे हलके. ट्रॅक गुळगुळीत असतो आणि तिथे डँपिंग इतकं जास्त असतं की गाडी दुसऱ्यांदा झुलतच नाही. त्यामुळे ऑलींचा आक्षेप तिथे लागू होत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. रस्त्यावर मात्र तोच संच महामार्गाच्या सांध्यांवर गाडीला ठेक्यात डुलवतो, आणि मालक शॉकच्या घुंड्या फिरवत राहतो. दोष शॉकचा नसून पुढच्या-मागच्या जोडीचा असतो.

शॉक: नळी एक की दोन, घुंडी किती

शॉकची खरी भाषा म्हणजे दांड्याचा वेग आणि त्याला होणारा विरोध. गाडी वळणात झुकते, ब्रेकला नाक खाली घालते तेव्हा दांडा सावकाश हलतो, सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर. खड्ड्याची कड लागते तेव्हा तो सेकंदाला अर्धा-एक मीटर वेगाने धावतो. चालवणाऱ्याला ताबा हवा असतो सावकाश हालचालीत आणि सुख हवं असतं जलद हालचालीत. म्हणून चांगल्या शॉकमध्ये विरोध सुरुवातीला झपकन वाढतो आणि वेग वाढल्यावर झडपा उघडून तो रेंगाळतो. रोजच्या गाडीसाठी याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. डब्यावर ती छापलेली नसते, हीच अडचण आहे.

स्प्रिंग आणि शॉकचं नातं वर्गमुळाचं. स्प्रिंग पावणेतीनपट झाली तर त्याच प्रमाणाचं डँपिंग ठेवायला शॉक पावणेदोनपटीच्या जरा आत ताकदवान हवा. तो तसाच राहिला तर क्रांतिक डँपिंगच्या, म्हणजे झुलणं पुरतं थांबायला लागतं तेवढ्या डँपिंगच्या, ०.३ पटीवर असलेली गाडी ०.१८ वर येते, म्हणजे मोकळी झुलते. साध्या गाड्या ०.२ ते ०.४ मध्ये, रेसच्या गाड्या ०.६५ च्या पुढेमागे ठेवल्या जातात. मग रोजच्या गाडीला जास्त डँपिंग का देऊ नये? कारण झुलण्याच्या वारंवारतेच्या बऱ्याच वर, जिथे रस्त्याचा खरखरीतपणा असतो, तिथे शॉक जितका घट्ट तितका थरथराट सरळ अंगात जातो.

एकनळी आणि दोननळी हा वाद आता बराच निवळला आहे. एकनळीत मोठा पिस्टन मावतो, तेल गार राहतं आणि वायूच्या दाबामुळे फेस होत नाही. पण २५ बारच्या दाबाखाली १२ मिलिमीटरचा दांडा सुमारे २९ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो आणि सील तितकाच करकचून धरावा लागतो. त्यामुळे बारीक लाटांवर किंचित अडखळ जाणवू शकते. नेदरलँड्‌सच्या कोनीचे दोननळी शॉक एमएक्स-५ वर तीन दशकं आवडीने लावले गेले, ते त्यांच्या मऊ सुरुवातीमुळे. तेव्हा नळ्यांची संख्या पाहून निवडू नये, झडपांची जुळणी पाहावी.

घुंड्यांबद्दल दोन टोकं आहेत. कोनीच्या पिवळ्या शॉकला एकच समायोजन असतं, उसळीचं, दाबाचं नाही. त्यामागे तर्क आहे. दबताना चाकाला रस्त्याच्या मर्जीने वर जाऊ द्यावं आणि परत येताना स्प्रिंगची साठलेली ताकद आवरावी. ही घुंडी फार आवळली तर वेगळीच आफत येते. लागोपाठच्या लाटांवर चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा दणका बसतो. गाडी एकेक पायरी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. मालकाला वाटतं शॉक मऊ आहे, तो आणखी आवळतो. दुसऱ्या टोकाला बत्तीस क्लिकचे स्वस्त संच आहेत, ज्यांत एकच घुंडी दाब आणि उसळी दोन्ही बदलते आणि शेजारच्या क्लिकमधला फरक यंत्रावर मोजला तरी सापडत नाही. स्प्रिंग पक्की ठरली असेल तर एकदा नीट जुळवलेला, घुंडी नसलेला शॉकही पुरेसा असतो, असं मानणाऱ्यांची संख्या वाढते आहे. मला ते पटतं.

बंप स्टॉप

या छोट्या भागाकडे वळायला लोकांना सर्वांत जास्त वेळ लागला. साधा कडक रबर शेवटच्या क्षणी आपटतो. सूक्ष्म बुडबुड्यांचा पॉलियुरेथेन ठोकळा आधी सहज दबतो आणि पुढे पुढे झपाट्याने कडक होतो. त्यामुळे तो दुसऱ्या स्प्रिंगसारखाच योजता येतो आणि कित्येक मोटार-कंपन्या तसा योजतातही. म्हणून खाली आणलेल्या गाडीला ठोकळ्याशी कधी संबंधच येऊ नये, हा आग्रह अतिरेकी आहे. तो हळूच लागावा, वळणाच्या मध्यात अचानक लागू नये, एवढं पुरे. वळणात बाहेरचं पुढचं चाक ठोकळ्यावर टेकलं तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि गाडी पुढून सरकते. मागचं टेकलं तर मागून.

ठोकळा कापून आखूड करावा का, यावर अजून एकमत नाही. कापल्याने मोकळी जागा वाढते, पण शेवटचा आधारही कमी होतो आणि शॉक आतून धातूवर धातू आपटून मरू शकतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ वर दुसऱ्या पिढीचं वरचं माउंट बसवून शॉकला जास्त जागा मिळवण्याची युक्ती लोकप्रिय झाली ती म्हणूनच. ती ठोकळ्याला हात न लावता भांडवल वाढवते.

चाकांची भूमिती आणि टायर

गाडी खाली आली की विशबोन आडव्याच्या पलीकडे झुकतात. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. गाडी खाली असूनही झुकायला जास्त वाव मिळतो, तो यामुळे. डबल विशबोनमध्ये हे सोसण्यासारखं असतं. मॅक्फर्सन स्ट्रटच्या गाडीत कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, हाही बिघडतो, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा. काहीही बदललं तरी अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. उंची मोजायची तर जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी. टायरची झीज मग आड येत नाही.

टायरही स्प्रिंगच आहे. एमएक्स-५ चा मूळ टायर १८५/६० आर १४ होता, त्याची भिंत १११ मिलिमीटर. २०५/४० आर १७ घातला की ती ८२ वर येते. गाडी खाली आणून वर मोठी रिम घालणारा माणूस दोन्ही बाजूंनी जागा खर्च करतो. सुखासाठी शॉकवर लाखभर घालण्याआधी रिम एक इंचाने लहान करून पाहावी, असं मी नेहमी सांगतो.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्रात हा प्रश्न स्पीडब्रेकरपाशी येऊन थांबतो. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या शिफारशीतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे. २२६५ मिलिमीटर व्हीलबेसची गाडी त्यावर चढली, तर दोन्ही चाकांमधल्या पोटाखालची जागा जास्तीत जास्त ३८ मिलिमीटर कमी होते. ३० मिलिमीटर खाली आणलेली गाडीही तो सावकाश पार करू शकते. पण सोसायटीच्या दारात डांबराचा ढीग ओतून केलेला, हातभर रुंदीचा उंचवटा या गणितात बसत नाही. तो १० सेंटिमीटर उंच असेल तर दोन चाकांच्या मध्ये येताना पोटाखालचे पूर्ण १० सेंटिमीटर खातो. इथे स्प्रिंगचा कडकपणा नव्हे, निव्वळ उंची निर्णायक ठरते, आणि परदेशी शिफारशी तशाच्या तशा उचलता येत नाहीत.

कायद्याची बाजूही देशागणिक वेगळी. जर्मनीत प्रमाणित स्प्रिंग तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतात. जपानमध्ये जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर ही तपासणीतली अट आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी दूर नेणाऱ्या बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडकपणे वाचलं. दर्जेदार स्प्रिंग तपासून, नोंदवून बसवायची सोपी वाट आपल्याकडे नाही. ती असती तर कापलेल्या स्प्रिंगांच्या गाड्या रस्त्यावर कमी दिसल्या असत्या, असं मला वाटतं.

जे अजून सुटलेलं नाही

ऑलींचा नियम डँपिंग भरपूर असलेल्या आधुनिक गाडीत कितपत लागतो, हा पहिला अनिर्णित मुद्दा. ताशी ३० आणि ताशी १०० या दोन्ही वेगांना पुरणारी पुढची-मागची जोडी एकच असू शकत नाही. मग रोजचा वेग कोणता धरायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुसरा मुद्दा विद्युत-नियंत्रित शॉकचा. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये चुंबकाने घट्ट होणारं तेल आलं आणि ताबा हवा की सुख हा पेच पुष्कळ सैल झाला. पण अशी गाडी खाली आणली तर उंचीचे सेन्सर आणि मूळ आज्ञावली यांचं काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर प्रत्येक गाडीला मिळालेलं नाही.

तिसरा मुद्दा पारदर्शकतेचा. स्प्रिंगचा कडकपणा आता बहुतेक कंपन्या छापतात. शॉकच्या वेग-विरोधाचा आलेख फार थोड्या छापतात, आणि जो छापतात त्यातही सीलचं घर्षण दिसत नाही. एकसारख्या आलेखाचे दोन शॉक म्हणून रस्त्यावर वेगळे वागतात.

चौथा मुद्दा सुखाच्या मोजणीचा. माणसाचं शरीर उभ्या थरथरीला ४ ते ८ हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतं आणि आंतरराष्ट्रीय मानक २६३१ त्यावर आधारलेलं आहे. सीटवर ठेवलेल्या मोबाइलनेही आता दोन संचांची तुलना करता येते. ही तुलना सीटवरच्या माणसाची आहे. खडबडीत वळणावर टायर रस्त्यावर किती दाबाने टेकून राहिला, हे मोजणारी स्वस्त सोय अजून कुणा मालकाच्या हातात आलेली नाही.